शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवर औषध लागू पडेनासं झालंय. झाडपाल्यातल्या टॅनिन या तुरट घटकाचा उपयोग होतो का?

होतो, पण जंतांचा भार आटोक्यात ठेवण्यापुरताच. पापणीची आतली बाजू पांढरी पडलेल्या किंवा जबड्याखाली सूज आलेल्या जनावराला टॅनिनच्या भरवशावर ठेवू नका, पशुवैद्याला बोलवा. सर्वांत भक्कम पुरावा आहे ‘कंडेन्स्ड टॅनिन’ या प्रकारच्या टॅनिनचा. सेरिसिया लेस्पेडेझा, सेनफॉइन अशा द्विदल चाऱ्यांत ते भरपूर असतात. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे चाऱ्याबरोबर पोटात गेलेल्या अळ्यांना वरचं आवरण टाकणं जड जातं आणि त्या जठरात नीट रुजत नाहीत. पोटातले मोठे जंतही अंडी कमी घालतात. रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस या जंतावर हे अनेक चाचण्यांत दिसलंय. मात्रा मात्र सांभाळा: चाऱ्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ५ टक्क्यांपुढे टॅनिन गेलं की भूक आणि पचन दोन्ही मंदावू शकतात (शेळ्या मेंढ्यांपेक्षा थोडं जास्त पचवतात). आणि औषध खरंच निकामी झालंय का, की डोसच कमी पडतोय? वजन करून डोस द्या, त्याआधी आणि साधारण १४ दिवसांनी लेंड्यांतली जंतांची अंडी मोजून घ्या. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली, तर जंत त्या औषधाला सरावल्याचा संशय घ्या.