वाचकांचे प्रश्न : कामरानचा मुक्काम

प्रश्न : पणजोबांच्या हजच्या टिपणात ‘कामरानला सगळ्यांना उतरवलं. वळकटी वाफेला दिली, वहाणा वेगळ्या काढल्या’ असं आहे. हे कामरान कुठलं? वहाणा का वगळल्या?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात, येमेनच्या किनाऱ्यालगतचं हे बेट. १८६५ साली मक्केतला कॉलरा यात्रेकरूंबरोबर इजिप्तमार्गे युरोपात पोचला. मग रोग तांबड्या समुद्राच्या तोंडाशीच अडवायचा विचार पुढे आला आणि १८८२मध्ये ऑटोमन सरकारने कामरानला क्वारंटाइनचा तळ उघडला. हजहून उत्तरेकडे परतणाऱ्यांसाठी सिनाईत तूर होतं. कोकणातला माणूस आगबोटीने मुंबईला जाई आणि तिथून जेद्दाची बोट धरी. त्याच्या वाटेत कामरान यायचंच. १९१५मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं, तळ चालूच राहिला.

टिपणावर साल नसेल तर एक खूण : प्लेगमुळे १८९७मध्ये मुंबईहून हजला जायलाच बंदी होती. ते वर्ष वगळा.

आता वहाणा. जंतू मारायला सामान वाफेच्या पेटीत घालत; पण ओल्या उष्णतेत चामडं आक्रसतं, कडक होतं आणि पुन्हा पायात जात नाही. म्हणून चामड्याच्या वस्तू वाफेच्या पेटीत न घालता कार्बोलिकसारख्या द्रावणाने पुसायच्या. वळकटीची अडचण उलटी. ती बांधलेलीच आत टाकली तर घड्यांमधली हवा वाफेला आत शिरू देत नाही. बाहेरून कढत, मध्ये जेमतेम कोमट. मोदकपात्रात दाटी केली की मधले मोदक कच्चे राहतात, तसंच. त्यामुळे दोरी सोडून, गोधडी उलगडून, सैल टांगायची आणि पेटीतली हवा आधी बाहेर काढायची. रक्ताचे डाग मात्र वाफेने कायमचे बसतात; असे कपडे आधी थंड पाण्यात.

मुक्काम चाळीस दिवसांचा असे, ही समजूत व्हेनिसच्या जुन्या रिवाजावरून आलेली. पुढे दिवस रोगाच्या अधिशयन काळावर, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळावर, मोजू लागले; कॉलऱ्याला पाच पुरतात. मात्र गटात नवा रोगी निघाला की मोजणी पुन्हा एकपासून. दोन बोटींची माणसं एकाच पाणवठ्यावर आली, तर हा सगळा खटाटोप वाया.

प्रश्न : जयगडला एका जहाजावर नुसता पिवळा बावटा दिसला. आत साथ असेल का?

उत्तर : नाही. त्याचा आजचा अर्थ ‘जहाज निरोगी आहे, बंदरात यायची परवानगी द्या’ असा. काळ्या-पिवळ्या चौकड्यांचा बावटा बंदरात दिसला, तर ते जहाज क्वारंटाइनमध्ये आहे असं समजा.