शाळेच्या पैशाचा हिशेब कोणाला विचारावा?

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत वीजबिलासाठीसुद्धा वर्गणी मागतात. सरकारी पैसा जातो कुठे?

उत्तर : शिक्षकांचे वेतन राज्य शासनाच्या अनुदानातून होते, किरकोळ खर्चासाठी ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचे अनुदान पटसंख्येनुसार मिळते आणि त्यात केंद्राचा वाटा ६०, तर राज्याचा ४० टक्के असतो. ते अनेकदा उशिरा येते. वर्गणीचे मूळ बहुधा तिथेच असावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असणे बंधनकारक असून अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे तिचेच काम आहे, म्हणून समितीच्या बैठकीत कीर्द (रोजच्या जमा-खर्चाची वही) आणि पासबुक पाहायला मागा. बैठक न घेताच इतिवृत्तावरील सह्या घरोघरी फिरून घेतल्या जात असतील (असे होते!), तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.