बिअरच्या फ्रिजचं दार घट्ट बसत नाही, रबर बदलावं का?

रबर लगेच बदलू नका. तुम्ही लिहिलंय की जुना सिंगल डोअर फ्रिज बिअरसाठी माडीवर नेऊन ठेवलाय, मुठीकडच्या वरच्या कोपऱ्यात फट राहते, फ्रीझरवर बर्फ चढतो आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. मी सांगलीत फ्रिज दुरुस्त करतो. नवा फ्रिज आला की जुना माडीवर जातो, हे इकडे बऱ्याच घरांत चालतं, कारण नैवेद्याच्या दुधाशेजारी बाटली ठेवलेली घरच्यांना खपत नाही. अशा फ्रिजमध्ये रबर गेलेलं कमी बघतो, दार उतरलेलं जास्त.

650 मिलीची काचेची भरलेली बाटली किलोच्या वर भरते. दाराच्या कप्प्यात पाच उभ्या केल्या की तेवढा भार कायम बिजागरीवर लोंबकळतो. खालच्या बिजागरीतला प्लॅस्टिकचा बुश झिजतो, वरचे स्क्रू सैल पडतात आणि दार मुठीच्या बाजूनं झुकतं. दार अर्धवट उघडून मूठ धरून वर उचला. खडखड हललं तर दुखणं तिथंच आहे. बुश नवा टाका, वरचे स्क्रू सैल करून दार सरळ धरा आणि मग आवळा. काम स्वस्तातलं आहे, फक्त दार धरायला दुसरा माणूस लागतो.

ते करण्याआधी फ्रिज पूर्ण रिकामा करून दार लावून बघा. रिकामा असताना नीट बसत असेल तर एखादी बाटली फळीच्या बाहेर येऊन दाराच्या कप्प्याला आतून ढकलतेय. फ्रीझरचं झाकण बर्फामुळं अर्धवट राहिलं तरी तेच होतं. बर्फ काढायला प्लग काढा आणि दार उघडं टाका. सुरी किंवा पेचकस लावाल तर नळीला भोक पडून गॅस जाईल, आणि तो खर्च रबराच्या कितीतरी पट आहे.

माडीवर शहाबादी फरशी असेल तर तीही बघा. ती क्वचितच एका पातळीत असते. गवंड्याची पाणसळ मिळाली तर फ्रिजवर आडवी ठेवून पुढचे दोन्ही पाय सारखे करा आणि पुढची बाजू किंचित वर घ्या. अर्धं उघडलेलं दार आपोआप मिटायला हवं.

आता रबर. दहाची नोट दारात अडकवून चारी बाजूंनी ओढत जा. जिथं सुळकन निघते तिथं रबर चिकटत नाही. कोमट साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घड्या साफ करा. सांडलेली बिअर वाळून तिथं चिकट पुट बसतं, दार उघडताना रबर त्याला धरतं आणि हळूहळू फाटतं. घडी आत वळली असेल तर हेअर ड्रायर लांबून फिरवा, मऊ झाल्यावर बोटांनी सरळ करा आणि दार लावून ठेवा. बिजागरीकडच्या बाजूला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात दिला की रबर मुडपत नाही. फेविक्विक मात्र नको, चिकटवलेली जागा दगड होते आणि फट कायमची राहते.

2019 च्या महापुरात पाण्यात उभा राहिलेला फ्रिज असेल तर चौकटीचा खालचा पत्राही बघा. गंजून फुगलेल्या पत्र्यावर नवं रबरही बसत नाही. आधी पॉलिश पेपर मारा, मग रंग.

रबर चिरलं असेल किंवा त्यातली चुंबकाची पट्टी तुटली असेल तरच नवं घ्या. दुकानात जाताना जुनं रबर आणि मॉडेल नंबर घेऊन जा. नवं घडी घालूनच मिळतं, ते कोमट पाण्यात ठेवून सरळ करा. काही मॉडेलला ते खाचेत दाबून बसतं, काहींना कडेखाली स्क्रू असतात. आधी चारी कोपरे बसवा, मग मधलं.

काहीही केलंत तरी बाटल्या पुन्हा दारात लावू नका, खालच्या फळीवर उभ्या करा. दारात भडंगासाठी लिंबू, मिरच्या आणि कोथिंबीर ठेवा.