बारावी सायन्सला 58 टक्के, सीईटीला 61 पर्सेंटाइल: पुण्यात इंजिनिअरिंग, डिप्लोमा की आयटीआय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेर तालुका, बारावी पीसीएम, ओबीसी, घरी कोरडवाहू कापूस. घरच्यांचा आग्रह पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा. मामा म्हणतात आयटीआय करून रेल्वेत लाग. तुझं स्वतःचं काहीच ठरत नाही.

माझं चोपड्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विमा, पॅनकार्ड, दाखले हे वर्षभर चालूच असतं. जून-जुलैत मात्र खुर्च्यांवर फक्त बारावीची पोरं आणि त्यांचे बाप. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही, पण कोण कुठे गेलं, कोण परत आलं, हे बघत आलोय. त्या जोरावर सांगतो.

आधी पुण्याचं बघू. 61 पर्सेंटाइलवर पुण्यात कॉम्प्युटर मिळेलही, पण ते बहुतेक गावाबाहेरच्या एखाद्या खाजगी कॉलेजात. फीशिवाय कॉट आणि मेस मिळून महिन्याला आठ-नऊ हजार धरून चाल, आणि हा खर्च चार वर्षं आहे. ओबीसी म्हणून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते, पण ती कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलास तर ती गेली. खोली-जेवणाचा खर्च तर कोणत्याच सवलतीत धरलेला नसतो. मागे एक काका पोराला घेऊन आले होते. पोरगा स्क्रीनवर कॉलेजांची नावं सांगत होता आणि काका दर नावाला एकच विचारत होते, ‘होस्टेल कितीले पडी भाऊ?’ पोरगा चिडला. मला मात्र वाटलं, त्या खोलीत कामाचा प्रश्न एकच माणूस विचारतोय.

शाखेचं नाव बघून निवड करू नकोस. त्या वाटेवरून पुढे कुठे वळता येतं आणि मध्येच थांबावं लागलं तर हातात काय उरतं, ते बघ. या हिशोबाने तुझ्यासाठी मला डिप्लोमा सगळ्यात बरा वाटतो. लोकांना वाटतं पॉलिटेक्निक म्हणजे फक्त दहावीनंतर. तसं नाही. बारावी सायन्सवाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा हातात. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि तिथली फी खाजगीच्या मानाने फारच कमी. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथे सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे गुण बघतात. सगळं मिळून पाच वर्षं, म्हणजे डिग्रीवाल्यापेक्षा एक जास्त. पण दोन वर्षांनी घरची परिस्थिती बिघडली तर तू अर्धवट इंजिनिअर नसशील. पाटबंधारे, बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंत्याची जाहिरात निघते ती सिव्हिल डिप्लोमावरच भरता येते.

एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांनी पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स केलेलं नसतं. वर्गातली दहावीवाली पोरं टी-स्क्वेअर घेऊन सराईतपणे रेघा ओढतात आणि बारावीवाला बघत बसतो. प्रवेश पक्का झाला की कॉलेज सुरू व्हायच्या आत कुणा सिनियरकडून पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या शीट मागून घे आणि घरी बसून काढ.

मामांचं म्हणणंही उडवून लावू नकोस. भुसावळ शेजारी असताना रेल्वे डोक्यात येणारच, शिवाय भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर ट्रेड दोन वर्षांचा. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत भुसावळ हा स्वतंत्र विभाग असतो आणि तिथे परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. तुला दहावीला चांगले गुण असतील तर हे खरंच विचारात घे. फक्त मामांना एवढं सांग की अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे. ते एक वर्षाचं प्रशिक्षण, विद्यावेतनावर. पुढे रेल्वेच्या लेव्हल-1, म्हणजे सगळ्यात खालच्या स्तराच्या भरतीत अशांसाठी 20 टक्के जागा राखीव असतात, पण परीक्षा त्यांनाही द्यावी लागते. ‘आयटीआय केलं की रेल्वेत चिकटला’ हे मामांच्या काळातलं.

पोलीस भरतीचं तू विचारलं नाहीस, पण मित्र म्हणतीलच. पहाटे ग्राउंडवर 1600 मीटर पळायला माझी ना नाही. मात्र पळण्यासाठी शिक्षण सोडू नकोस, सोबत निदान मुक्त विद्यापीठाची पदवी तरी चालू ठेव.

डिग्रीच करायची असेल तर जळगावात बघ. विद्यापीठाच्या आवारात रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे केमिकलबरोबर अन्न, प्लास्टिक, रंग, तेल असले विषय शिकवतात आणि आपल्या पोरांना ते माहीतच नसतं. जळगावात डाळ मिल, पाइप आणि चटईचे कारखाने पावलोपावली, तरी फॉर्म भरताना सगळ्यांना हवं कॉम्प्युटर. गंमत म्हणजे अमळनेरकरांना विप्रो म्हटलं की शेअर आठवतात, पण ती कंपनी 1945 साली तुमच्याच गावात वनस्पती तेल-तुपासाठी सुरू झाली. कॉम्प्युटर त्या कंपनीत फार नंतर आला. शेतीत रस असेल तर धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचाही कटऑफ बघून ठेव, चार वर्षांची पदवी आहे आणि प्रवेश सीईटीवरच.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायचा अर्ज, कारण पोरं खरी इथे फसतात. इंजिनिअरिंगच्या फॉर्ममध्ये 300 पर्याय भरता येतात, म्हणून मित्राची यादी कॉपी करून ढीगभर कॉलेजं टाकतात. मग नंबर लागतो कुठे तरी विदर्भात आणि घरी रडारड. जिथे खरोखर जाशील तीच नावं टाक, आणि क्रम कटऑफचा नको, तुझ्या आवडीचा ठेव. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीज म्हणजे पक्का होतो, मागे फिरता येत नाही. त्यामुळे एक नंबरला काय लिहितोस ते बापासमोर बसून ठरव. यादीत कॉलेज-शाखेच्या काही कोडच्या शेवटी ‘टी’ दिसेल. त्या शिक्षण शुल्क माफीच्या जागा, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांसाठी, कोणत्याही जातीला. थोड्याच असतात, पण तुझ्या आवडीच्या शाखेचा ‘टी’ कोड साध्या कोडच्या वर टाकायला काही लागत नाही. बहीण असेल तर तिचंही सांगतो: 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे.

कागदांचं मात्र आजच बघ. नॉन-क्रिमीलेअरची तारीख तपास, 31 मार्चला मुदत संपलेला दाखला घेऊन दर वर्षी कुणी ना कुणी येतंच. जात पडताळणीचं प्रमाणपत्र नसेल तर कॉलेजमार्फत अर्ज टाकला होता का ते विचार. पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळाला तरी मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर राखीव जागा जाते. वडिलांचा किंवा चुलत्याचा पडताळणीचा कागद असेल तर तो शोधून अर्जाला जोड, काम बरंच सोपं होतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निकालाच्या आधीच काढून ठेव. निकालानंतर आख्खा तालुका एकाच दिवशी सेतूवर येतो, आणि नेमका त्याच दिवशी सर्व्हर डाउन असतो.