धुराचा हिशेब आणि मुलीचे शिक्षण

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही घुग्घुसजवळच्या सिमेंट कारखान्यात पॅकिंग विभागात आहात, मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला पुढे पर्यावरण शिकायचे आहे. सौरऊर्जा आली की धूर आपोआप थांबेल, मग या शिक्षणाला विचारणार कोण, असे तुम्ही लिहिता.

धूर तसा थांबणार नाही, आणि त्याचे एक कारण तुमच्याच भट्टीत आहे. सिमेंट तयार होताना बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक वायू कोळशातून नव्हे, तर तापवलेल्या चुनखडीतून येतो. कारखान्याने सौर वीज घेतली तरी त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो औष्णिक केंद्राची राख मिसळून क्लिंकरचे (भट्टीत चुनखडी भाजून तयार होणाऱ्या, सिमेंटसाठी दळल्या जाणाऱ्या खड्यांचे) प्रमाण घटवल्यावर. पण चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रात उद्या कोळसा कमी जळू लागला, तर ही राखही कमी पडेल. हे गणित जमणाऱ्या माणसाला कारखाना पगार देईल.

निर्यातीतही हेच गणित शिरले आहे. युरोपीय संघाने पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनाची माहिती ऑक्टोबर २०२३ पासून मागायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२६ पासून आकारणीचा टप्पा आणला. मात्र त्या हिशेबात तुमच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी धूळ येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरला प्रदूषणाचे शंभरपैकी ८३.८८ गुण देऊन अतिप्रदूषित क्षेत्रांत बसवले, ते तिथली हवा, पाणी आणि जमीन पाहून. मुलीला हे दोन्ही हिशेब यायला हवेत.

म्हणून अभ्यासक्रमाच्या नावावर भुलू नका, त्यात प्रयोगशाळेचे तास किती आहेत ते पाहा. स्टॅक मॉनिटरिंग, म्हणजे चिमणीतल्या धुराची मोजणी करणारा माणूस चिमणीवरच्या फलाटावर उभा राहून छिद्रातून नळी आत घालतो, धूर ज्या वेगाने वाहतो त्याच वेगाने तो ओढून घेतो आणि धूळ अडवणारी थिंबल नावाची गाळणी आधी व नंतर तोलतो. त्या फरकावरच पुढचा सगळा अहवाल उभा राहतो. (तिला उंचीची भीती वाटते का, हेही एकदा विचारून घ्या.) तिचा पाया रसायनशास्त्राचा असल्याने विश्लेषणात्मक रसायनशास्त्र किंवा प्रयोगांवर भर असलेले पर्यावरणशास्त्र यांत एम.एस्सी. करणे मला सर्वांत योग्य वाटते. नागपूरची नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था तुम्हाला जवळ आहे; तिथे प्रकल्पकामाची संधी मिळते का, याची चौकशी तिने स्वतः करावी. उद्योगवाढ आणि प्रदूषण यांचा संबंध आकडेवारीतून तपासण्याची ओढ असेल, तर अर्थशास्त्राकडेही वळता येते. परंतु त्यासाठी गणित नव्याने पक्के करावे लागेल, ही तयारी आहे का ते तिनेच ठरवावे.

येत्या सुट्टीत तुमच्या कारखान्याच्या पर्यावरण विभागात महिनाभर शिकायला मिळते का, ते विचारून पाहा. तो महिना संपल्यावर पुढचे पत्र तिने लिहावे.