जनसुनावणीत बोलून काय होतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव वणी तालुक्यात आहे. गावाला लागून असलेल्या उघड्या कोळसा खाणीचा विस्तार होणार आहे आणि त्याची जनसुनावणी पुढच्या महिन्यात असल्याचं पेपरात आलं. माझी चार एकर कपाशी आहे. ब्लास्टिंगने घराला तडे गेलेत, विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते, मातीचा ढिगारा नाल्याच्या काठाला येऊन टेकला आहे. गावातले जाणते म्हणतात, मंजुरी आधीच ठरलेली असते, मंडपात बसायचं आणि घरी यायचं. जाऊन खरंच काही उपयोग आहे का? (एक शेतकरी)

उत्तर : भाऊ, जा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका.

जाणत्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. जनसुनावणीत मतदान होत नाही. हजार माणसांनी हात वर करून ‘खाण नको’ म्हटलं तरी त्या मंडपात खाण रद्द होत नाही. निर्णय पुढे, तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून होतो. त्या समितीच्या टेबलावर दोन कागद महत्त्वाचे असतात : कंपनीने स्वतःच्या पैशाने करून घेतलेला पर्यावरण अहवाल आणि सुनावणीचं इतिवृत्त. पहिल्या कागदात तुमची विहीर असण्याची शक्यता कमीच. दुसऱ्यात ती आणणं तुमच्या हातात आहे.

2006 च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना निदान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे आणि मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी बघायला ठेवलेला असला पाहिजे. आजच जाऊन मागा. मिळाला नाही तर ‘मिळाला नाही’ असा अर्ज द्या आणि पोच घ्या. ती पोच जपून ठेवा, पुढे तिची किंमत कळेल.

मसुदा मिळाला की सगळी पानं वाचत बसू नका. नकाशात तुमचा नाला दाखवलाय का ते बघा. मोजमापं कोणत्या महिन्यांत घेतली ते बघा. नियमानुसार एका ऋतूची आकडेवारी पुरते आणि तो ऋतू पावसाळ्याखेरीजचा असतो. आता सांगा, मातीचा ढिगारा घसरतो कधी? नाला तुंबून गाळ शेतात येतो कधी? जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे ज्या दिवसांत तुमचं नुकसान होतं, ते दिवस अहवालात नसण्याचीच शक्यता जास्त. दरवर्षी शेतात किती फूट गाळ येतो, कोणत्या गट क्रमांकात येतो, हे तुम्ही सांगितलं नाही तर ते कोणीच सांगणार नाही. एक टन कोळशामागे किती घनमीटर माती निघणार हेही अहवालात असतं. ती कुठे आणि किती उंच टाकणार, खड्डा परत कधी भरणार, एवढं जरूर विचारा.

बोलताना ‘आमच्यावर अन्याय होतोय’ एवढ्यावर थांबू नका. राग खरा असतो, पण इतिवृत्तात तो ‘काही ग्रामस्थांनी नाराजी व्यक्त केली’ एवढ्या ओळीत मावतो. ‘गट क्रमांक अमुक, विहीर 40 फूट, खाणीपासून इतक्या अंतरावर, अमुक साली मार्चपर्यंत पाणी होतं, आता नाही’ हे वाक्य असं गिळता येत नाही. तेच लेखी देऊन पोच घ्या. सुनावणीचं चित्रीकरण होणं बंधनकारक आहे. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं आणि अध्यक्ष अधिकाऱ्याने त्याच दिवशी सही करायची असते. निम्मी माणसं तोवर निघून गेलेली असतात. तुम्ही थांबा, आणि तुमचा मुद्दा गाळला असेल तर तिथेच उभं राहून सांगा.

याचा उपयोग झालेला आहे. छत्तीसगडमधल्या रायगड जिल्ह्यात गारे इथल्या कोळसा खाणीसाठी 5 जानेवारी 2008 ला सुनावणी झाली आणि तिथे लोकांवर लाठीमार झाला. तरी मंजुरी मिळाली. गावकरी आणि रायगडचे रमेश अग्रवाल मागे हटले नाहीत. अग्रवाल छोटं इंटरनेट केंद्र चालवायचे आणि माहिती अधिकारात कागद काढायचे. 20 एप्रिल 2012 ला राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, ती मंजुरी रद्द केली, कारण सुनावणी नियमाप्रमाणे झालीच नव्हती. त्याच वर्षी अग्रवालांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, आणि 2014 मध्ये त्यांना पर्यावरणासाठी लढणाऱ्यांना दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार मिळाला. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. सुनावणी नुसता देखावा असती तर तिची कोणाला भीती वाटली नसती, एवढं त्यावरून कळावं.

प्रश्न : आमच्या गावात खाणीचं उत्पादन वाढलं, पण सुनावणी झालीच नाही. असं चालतं का? (एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : दुर्दैवाने चालतं, आणि याचीच मला सर्वांत जास्त चीड आहे. कोळसा खाणींच्या विस्ताराला सुनावणीतून सूट देण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने रुजवली गेली. 2012 मध्ये उत्पादनातल्या 25 टक्क्यांपर्यंतच्या वाढीला सूट होती, 2017 मध्ये ती मर्यादा 40 झाली, आणि मे 2022 मध्ये कोळसा मंत्रालयाच्या मागणीवरून 50. खाणीचं क्षेत्र तेच राहतं, हे त्यामागचं कारण. पण क्षेत्र तेच असलं तरी डंपर तेवढेच राहत नाहीत. धूळ वाढते, ब्लास्टिंग वाढतं. सुनावणी झाली होती ती कमी उत्पादनासाठी. दीडपट खाणीबद्दल गावाला कोणी विचारलेलंच नसतं. हा कायदा संसदेत चर्चा होऊन बदललेला नाही, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या कार्यालयीन पत्रांनी ही वाट पाडली आहे.

तुमच्या हातात काय आहे? विस्तार मागणाऱ्या खाणीने आधीच्या मंजुरीतल्या अटी पाळल्या का, याचा अहवाल पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून लागतो. आपल्याकडे ते नागपुरात आहे. रस्त्यावर पाणी मारणं, झाडं लावणं, ढिगाऱ्याला उतार देणं, यातलं काय झालं नाही याचे तारीख घातलेले फोटो तिथे पाठवा. कंपनीला दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल, म्हणजे अटी पाळल्याचा हिशेब, द्यावा लागतो, तो काढून वाचा. त्यात लिहिलेली झाडं प्रत्यक्ष मोजून आलेल्या गावकऱ्यांना मी भेटले आहे, आकडे जुळले नव्हते. विस्ताराला मंजुरी मिळालीच असेल तर हरित लवादात 30 दिवसांत अपील करा. उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत लवाद ते स्वीकारू शकतो, त्यानंतर दार बंद. पुण्यात लवादाचं पीठ आहे.

प्रश्न : विदर्भात कधी खाण थांबली आहे का? (विद्यार्थिनी, वरोरा)

उत्तर : थांबली आहे. ताडोबाजवळच्या लोहारा खाणीविरुद्ध 2009 मध्ये चंद्रपुरात पर्यावरण कार्यकर्ते बंडू धोतरे उपोषणाला बसले, लोक रस्त्यावर आले, आणि तो प्रस्ताव नाकारला गेला. 2020 मध्ये ‘बंदर’ नावाचा कोळसा पट्टा लिलावाच्या यादीतून काढावा लागला.

दोन्ही ठिकाणी वाघ होता. वाघ वाचला याचा मला मनापासून आनंद आहे. पण वणी-घुग्घुस पट्ट्यात कपाशी आहे, तूर आहे, विहिरी आहेत, आणि त्यांच्यासाठी मुंबई-दिल्लीची वर्तमानपत्रं पहिलं पान देत नाहीत. म्हणून तिथल्या माणसांनी सगळं लेखी द्यावं, असा माझा इतका आग्रह असतो.