वाचकांचे प्रश्न : विजेवरची मोटार आणि लांबचा पल्ला

प्रश्न : आम्ही नुकतीच विजेवर चालणारी मोटार घेतली आहे. एका चार्जिंगमध्ये साडेचारशे किलोमीटर जाते, असे कंपनीच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. लवकरच कुटुंबासह सहाशे किलोमीटरचा प्रवास करायचा आहे. वाटेत एकदा चार्जिंग केले की पुरे, असा घरच्यांचा हिशेब आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर : कागदावर बरोबर आहे, पण महामार्गावर तो जुळण्याची शक्यता कमी आहे. माहितीपत्रकातला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. डब्ल्यूएलटीपी या प्रचलित चाचणीत तर थांबे धरून सरासरी वेग ताशी सुमारे 46 किलोमीटर इतकाच पडतो. शिवाय तो आकडा बॅटरी पूर्ण भरल्यापासून पूर्ण रिकामी होईपर्यंतचा असतो, आणि प्रवासात असे कोणी करत नाही.

आपल्या गाडीच्या बॅटरीत वापरता येण्याजोगी 60 युनिट, म्हणजे 60 किलोवॉट-तास वीज मावते आणि महामार्गावर दर शंभर किलोमीटरला 18 युनिट खर्च होतात, असे धरू. घरून पूर्ण भरून निघालात आणि 10 टक्के उरेपर्यंत चाललात, तर 54 युनिटांत 300 किलोमीटर होतील. मग 80 टक्क्यांपर्यंत भरून पुन्हा 10 टक्क्यांपर्यंत आलात, तर 42 युनिटांत आणखी सुमारे 233. म्हणजे एका थांब्यात 533 किलोमीटर झाले आणि साठ-सत्तर किलोमीटर बाकी राहिले.

ते साधण्यासाठी त्याच थांब्यावर शंभर टक्के भरावे, हा विचार स्वाभाविक असला तरी महागात पडतो. बॅटरी रिकामी असताना ती वीज झपाट्याने घेते. जसजशी ती भरत जाते तसतशी ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडमध्ये लिथियमच्या आयनांना सामावायला जागा उरत नाही, आणि जबरदस्ती केल्यास लिथियमचा धातू पृष्ठभागावर साचून बॅटरीची कायमची हानी होऊ शकते. म्हणून गाडीची यंत्रणा स्वतःच विजेचा प्रवाह कमी करत जाते. परिणामी शेवटच्या 20 टक्क्यांना बहुतेकदा आधीच्या 50-60 टक्क्यांइतका वेळ लागतो. त्यामुळे एका प्रदीर्घ थांब्यापेक्षा दोन आटोपशीर थांबे घेतले तर एकूण प्रवास लवकर होतो.

आता खरा मुद्दा, वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी 90 ऐवजी 110 च्या वेगाने गेल्यास हवा कापण्यासाठी दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा जवळजवळ दीडपट होते. टायरच्या घर्षणाचा भाग फारसा बदलत नाही, त्यामुळे एकूण खर्च दीडपट होत नाही, पण तो शंभर किलोमीटरला 15 युनिटांवरून 19 वर जाणे अगदी शक्य आहे. आता वेळेचा हिशेब पाहा. शंभर किलोमीटरमागे वेगामुळे सुमारे 12 मिनिटे वाचतात आणि 4 युनिट जास्त लागतात. ही 4 युनिटे सरासरी 50 किलोवॉटने भरायला 5 मिनिटे लागतात, 25 किलोवॉटने 10 मिनिटे, आणि 7 किलोवॉटच्या साध्या एसी चार्जरवर अर्ध्या तासाहून अधिक. म्हणजे वाटेवर दमदार चार्जर असतील तर वेगाने जाण्यात थोडा फायदा आहे, मध्यम असतील तर तो जवळपास मावळतो, आणि मंद असतील तर चक्क तोटा. त्यातही हळू गेल्याने एखादा थांबा पूर्णच टळत असेल, तर रस्ता सोडून चार्जरपर्यंत जाणे, रांग आणि गन जोडण्याचा सोपस्कार हे सगळे वाचते. टपावरचा सामानाचा कॅरिअर रिकामा असला तरी हवा अडवतो. गरज नसेल तर तो घरी ठेवावा.

थांबा निश्चित करताना 10 टक्क्यांचा नियम आंधळेपणाने पाळू नये. तिथला चार्जर बंद निघाला तर पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचता येईल, एवढी वीज हाताशी असावी. दोन गन असलेले काही चार्जर दोन्ही गाड्यांत वीज वाटून देतात, त्यामुळे शेजारी गाडी लागली की आपल्या चार्जिंगचा वेग एकदम खाली येतो. अशा वेळी गाडीत दोष शोधू नये.

प्रश्न : माझा मुलगा महामार्गावर एडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, सुरू करून स्टिअरिंगवरून हात काढतो आणि मोबाइल पाहतो. गाडी स्वतः लेन सांभाळते, पुढच्या वाहनामागे अंतर राखते, असे त्याचे म्हणणे आहे. मी जुन्या वळणाचा असल्याने मला भीती वाटते, की भीतीला खरेच आधार आहे?

उत्तर : आधार आहे, आणि तो आपल्या जुन्या वळणावर अवलंबून नाही. एसएई या अभियंत्यांच्या संघटनेने 2014 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या जे3016 या मानकात स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्या आहेत. वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळणाऱ्या आजच्या बहुतेक गाड्या दुसऱ्या पातळीवर आहेत आणि या पातळीवर रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची असते. विशिष्ट परिस्थितीत नजर हटवण्याची मुभा तिसऱ्या पातळीपासून सुरू होते.

मुलाला नेमकी एक गोष्ट जरूर सांगा. ठरवलेला वेग आणि पुढच्या वाहनामागचे अंतर आपोआप राखणारा अॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल पुढे धावणारे वाहन चांगले ओळखतो, पण रस्त्यात थांबलेले वाहन वेगात असताना ओळखेलच याची खात्री नसते, आणि अनेक गाड्यांच्या मार्गदर्शिकेत तसा स्पष्ट इशारा छापलेला असतो. याचे कारण असे की रडारला पूल, फलक, कठडे अशा स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी सतत मिळत असतात. त्या प्रत्येकाला गाडी ब्रेक लावू लागली तर प्रवास अशक्य होईल, म्हणून यंत्रणा स्थिर प्रतिध्वनींना कमी महत्त्व देते. पुढची गाडी ऐनवेळी बाजूला झाली आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रक उभा असला, तर सावरायला मिळणारे एक-दोन सेकंद मोबाइलमध्ये गेलेले असतात. लेनचे पट्टेही पावसात, समोरून येणाऱ्या मावळतीच्या उन्हात आणि रस्त्याचे काम सुरू असलेल्या टप्प्यात कॅमेऱ्याला दिसेनासे होतात, आणि मदत काही वेळा क्षीण आवाजानिशी निघून जाते. स्टिअरिंगला वजन लटकवून गाडीला फसवणारेही आढळतात. त्यांच्या कल्पकतेला दाद देण्याची इच्छा होत नाही.

तरीही यंत्रणा बंद ठेवावी, असे मी म्हणणार नाही. रांगेत रखडत जाताना किंवा सरळ, मोकळ्या रस्त्यावर ती पायांचा आणि खांद्यांचा ताण निश्चितच हलका करते. हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर ठेवून ती वापरावी. निसरड्या रस्त्यावर मात्र क्रूझ कंट्रोल टाळावा. नुसते पाहत राहणे हे माणसाला गाडी चालवण्याहून कंटाळवाणे जाते आणि डुलकी लवकर लागते, म्हणून दोन-अडीच तासांनी उतरावेच. चार्जिंगचे थांबे याच अंतरावर नेमले तर दोन्ही कामे होतात.

विजेच्या गाडीत या यंत्रणेचा आणखी एक परिणाम होतो. चढावर माणूस नकळत वेग थोडा उतरू देतो, क्रूझ कंट्रोल मात्र ठरवलेला वेग हट्टाने राखतो आणि त्यासाठी जास्त वीज ओढतो. म्हणजे बटणाने 100 लावायचे की 90, हाच निर्णय आपला पल्लाही ठरवत असतो. चढणीच्या रस्त्यावर आकडा चार-पाचने कमी करून पाहावा.

प्रश्न : डोंगरावरच्या मुक्कामाहून परत निघताना बॅटरी शंभर टक्के भरून घ्यावी का?

उत्तर : उतरायचेच असेल तर नको. दोन हजार किलोची गाडी एक हजार मीटर उंच चढवायला किमान साडेपाच युनिट लागतात आणि उतरताना त्यातला बराचसा भाग रिजनरेटिव्ह ब्रेकिंगने (थोडक्यात रिजन), म्हणजे गाडी मंदावताना मोटरने वीज तयार करून बॅटरीत भरल्याने, परत मिळतो. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात जागा नसते, रिजन जवळजवळ बंद होते आणि अॅक्सिलरेटरचे पायडल सोडल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. ज्यांना या मंदावण्याची सवय झाली आहे ते पहिल्या वळणावर दचकतात, आणि ब्रेकच्या पॅडवर सगळा भार येतो. उंची आणि उतार पाहून 80 ते 90 टक्क्यांवर थांबावे.